बिनफोडणीचे दिवस

परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढलं आणि एकदम वास आला. गोडसर, हलका. मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नाही, शेजारून कुणीतरी नुकतंच आंघोळ करून गेल्यासारखा. वर बघितलं तर कडुनिंब. फुल्ल फुललेला! पत्र्यावर, गाड्यांच्या सीटवर, वॉचमन काकांच्या खुर्चीवर, सगळीकडे ती बारीक पांढरी फुलं, साबुदाणा सांडल्यासारखी.

माझ्यासोबत टीममधली एक मुलगी होती. ती म्हणाली, "हा वास कडुनिंबाचा? शक्यच नाही. तो कडू असतो."

"अगं पाला कडू असतो. फुलाला कुणी सांगितलंय?"

झालं, मग मी सुटलेच. लिफ्टमध्ये, कॉफी मशीनपाशी, सकाळची स्टँडअप मीटिंग सुरू होईपर्यंत. घामोळ्या आल्या की पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ कशी करायची, आणि ते पाणी हिरवं नसतं तर चहासारखं तपकिरी होतं. उवा झाल्या की निंबोळीचं तेल, ज्याचा वास कितीही शाम्पू केला तरी शाळेत शेजारच्या बाकापर्यंत जातो. गव्हाच्या कोठीत वाळलेला पाला. डासांसाठी संध्याकाळची धुरी. बाळंतिणीच्या पाण्यात पाला. स्मशानातून आलं की घराच्या दारातच एक पान चावायचं, मगच आत. बाळ जन्माला आलं तरी तोच आणि माणूस गेलं तरी तोच, म्हणजे विचार कर ना, एकच झाड दोन्ही दारांत उभं! ती बिचारी शेवटी म्हणाली, "सायली, तू आयुर्वेदिक दुकान काढ."

तिला सगळं सांगितलं, पण काकूचं नाही सांगितलं. खरं तर वास आल्या क्षणी काकूच आठवली होती. पण काकूबद्दल बोलायला तोंड उघडलं की मी घामोळ्या-उवांवरच घसरते. दरवर्षी याच दिवसांत. फेब्रुवारीत कडुनिंबाची पानं पिवळी होऊन गळायला लागतात, मग तांबूस कोवळी पालवी येते, मग ही फुलं. बरोब्बर बारावीचा सीझन. झाडाला काय माहीत म्हणा.

थांबा, नीट सांगते. आमचं घर मांजरीत. आधी गाव होतं, आता पुण्यात आलंय, म्हणजे कर पुण्याचा आणि पाणी टँकरचं. घरात आई-बाबा, मी, काका, काकू आणि त्यांची ओवी. आई ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकवते. काकांचा टेम्पो आहे, मार्केट यार्डातून माल पोचवतात. काकू माहेरची लोणी काळभोरची. दहावीला चांगले मार्क पडले होते तिला, अकरावीला नावही घातलं होतं, तेवढ्यात स्थळ आलं. स्थळ म्हणजे माझे काका. ते अजून म्हणतात, "मी आलो म्हनून वाचली, नायतर मास्तरीण झाली असती." काकू म्हणते, "तुम्ही आलात म्हनून राहिली."

मी बारावीला आले त्या वर्षी काकूनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून परीक्षा द्यायची, आर्ट्समधून. तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. त्याला बारावी लागते, वयाची अट असते, आणि तिच्या हातात जेमतेम तेवढंच एक वर्ष होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला म्हणता येणार नाही की मला कुठे ठाऊक होतं.

काय दिवस होते ते! दुपारी आई कॉलेजला, ओवी झोपलेली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी सायन्सची, पण इंग्लिश आणि मराठीचा पेपर दोघींचा सेम. मी जमिनीवर पुस्तकं पसरून आणि काकू ओट्यापाशी, भाकरी थापता थापता उत्तरं म्हणत. परातीवर थप थप आणि मध्ये सनावळी. रिपोर्टेड स्पीच तिच्या डोक्यात बसेना, म्हणून आम्ही काकांच्या वाक्यांवर प्रॅक्टिस करायचो. काका चहाला नावं ठेवून बाहेर गेले की काकू कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काका सेड दॅट द चहा वॉज थंड." मी हसून लोळायचे. ती नाही हसायची. "बरोबर हाय का ते सांग आदी."

बरोबर असायचं. माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर असायचं.

आणि मग प्रॅक्टिकल्स संपल्या त्याच आठवड्यात मला ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी पोटावर पाण्याचे फोड. कांजिण्या. मी आरशासमोर उभी राहून भोकाड पसरलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले घाबरू नका, थिअरी सुरू होईपर्यंत खपल्या धरतील, फक्त घरात जिला कांजिण्या येऊन गेल्यात तिनेच हिच्याजवळ जायचं. काकूनं विचारलं, "लिंबाचा पाला घातला तर चालंल?" आमच्याकडे गावाकडचे सगळे कडुनिंबाला लिंबच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "घाला की. धुऊन घ्या फक्त."

घरी मीटिंग भरली. आईला तर रजा शक्यच नव्हती, परीक्षेच्या सुपरव्हिजनच्या ड्यूट्या लागलेल्या. शिवाय तिला कांजिण्या आलेल्याच नव्हत्या. बाबा-काका कामावर. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या कुणाकडे?

"तू घरीच असतेस ना," आई म्हणाली. ती वाईट नाही हां माझी आई. तिला खरंच तसं वाटलं.

काका म्हणाले, "नर्सिंगच करायचंय ना तुला? मग घरातच प्रॅक्टिकल आली की!"

सगळे हसले. तापात मीसुद्धा.

"पण तुला येऊन गेल्यात का?" आईनं विचारलं.

काकू म्हणाली, "गेल्यात की. लहानपनी मी लिंबाच्या पाल्यावर झोपले व्हते, चांगलं आठवतंय मला. आयनं अंगनात बाज टाकली व्हती, पाला आथरला व्हता."

एवढ्यावर ठरलं. पाल्यावर झोपली म्हणजे कांजिण्या येऊन गेल्या, यात कुणालाच शंका आली नाही. दुसरं कशाला घालतील पाला?

गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीच्या बाजूला कडुनिंबाचं मोठं झाड आहे. काकू सकाळी उठून आधी तिथे. हात जोडायची, काहीतरी पुटपुटायची आणि मग फांदी वाकवायची. एक डहाळी दाराला. ती दिसली की ओळखीचे लोक उंबऱ्यापासूनच चौकशी करून परत जायचे, कुरिअरवाला तर पाकीट ओट्यावर फेकून पळायचा. बाकीचा पाला धुऊन, निथळून माझ्या गादीवर, त्यावर जुनं सुती लुगडं, आणि त्यावर मी. कूस बदलली की खालून कुरकुर आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी काय आंबा आहे का पिकायला घातलेला? पण खरं सांगू, गार वाटायचं. सगळं अंग पेटलेलं आणि खाली तो ओलसर कडू वास. अजूनही मला आजारपण म्हटलं की औषधाचा वास नाही येत, तो येतो.

आणि खाज! बाप रे, खाज म्हणजे काय ते ज्याला कांजिण्या आल्यात त्यालाच माहीत. काकू माझी नखं कापून बसली होती. "खाजवायचं नाय. खड्डं पडत्यात. मी फिरवते." मग ती डहाळी घ्यायची, पानांचा झुपका असलेली, आणि पाठीवरून, हातांवरून, तळव्यांवरून अशी फिरवायची, टेकते न टेकतेशी. पहिले दोन-तीन दिवस तिच्या एका हातात डहाळी असायची आणि दुसऱ्या हातात इतिहासाचं पुस्तक. पण मी कसली शांत राहते! "काकू, इकडे. नाही, खाली. अगं वर. आता मानेवर." एकदा मी मान वळवून बघितलं तर पुस्तक बाजूला पालथं पडलं होतं. नंतर ते खोलीत दिसलंच नाही. मला वाटलं वाचून झालं असेल. नाही, खोटं कशाला, मला काहीच वाटलं नाही. मला फक्त पाठ कळत होती.

आणि फोडणी बंद. घरात कांजिण्या आल्या की तेलात मोहरी तडतडायची नाही, काही तळायचं नाही, असं काकूच्या माहेरी पाळतात. आईला पटत नव्हतं, पण काकू म्हणाली, "पोरीची परीक्षा हाय वहिनी, कशाला उगं?" मग सगळं घर बिनफोडणीचं. वरणभात, दहीभात, उकडलेल्या भाज्या, पातळ खिचडी. काका ताटाकडे बघून म्हणायचे, "हे जेवन हाय का उपास?" पण जेवायचे. बाबा ऑफिसातून येताना वडापाव खाऊन येत असणार, त्यांच्या शर्टाला वास यायचा. पण घरात कुणीही एकदासुद्धा मोहरी तडतडवली नाही. माझ्यासाठी. सगळं घर पाय न वाजवता चालायचं. टीव्ही बंद. मी राणीसारखी पाल्यावर पडलेली, आणि त्या वयात तुम्हाला ते सगळं आपलं हक्काचं वाटतं हो.

खपल्या धरल्या. शेवटी काकूनं पाला उकळलेल्या पाण्यानं मला आंघोळ घातली. ते कोमट तपकिरी पाणी, खांद्यावरून वाहताना त्यात अडकलेली दोन-चार पानं, न्हाणीतली वाफ, आणि काकू म्हणतेय, "आता झाली मोकळी. आता बस अभ्यासाला."

मी बसले. इंग्लिशचा पेपर आला. आणि पेपरच्या आदल्या संध्याकाळी काकू कणीक मळता मळता थांबली. मनगट उलटं करून बघत राहिली.

मनगटावर फोड होता.

ओवीला न्यायला लोणीहून तिची आजी, म्हणजे काकूची आई आली. दारात उभी राहूनच म्हणाली, "आगं तो गोवर व्हता तुला! कांजन्या कवा आल्यात? गोवरला बी पालाच घालत्यात की." ओवी आजीच्या कडेवर रडत होती आणि काकू लांब भिंतीला टेकून तिला हातानं टाटा करत होती.

मोठ्या माणसाला कांजिण्या फार जोरात येतात. तोंडात, पापण्यांवर, डोक्यात केसांच्या मुळांशी. तिला ताप चढला की ती कण्हायची पण हळू, पलीकडे मी अभ्यास करत असायचे ना. पाला काकांनी आणून टाकला एकदा, मग तोच राहिला. सुकून त्याचा चुरा झाला तरी तोच. आईच्या ड्यूट्या सुरू झाल्या होत्या. आणि माझी परीक्षा होती. माझी परीक्षा! मला कांजिण्या परत होणार नव्हत्या. घरात तिच्या जवळ बिनधास्त जाऊ शकेल असं एकच माणूस होतं आणि ते पलीकडच्या खोलीत केमिस्ट्रीचं पान उलटत होतं.

मराठीचा पेपर सोपा गेला. मी घरी आले ती नाचतच. बूटही काढले नाहीत, काकूच्या दारात उभी राहिले आणि हातातली प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला लागले. अगं काकू, निबंधाला काय आलंय माहितीये? आणि ते पत्र! आपण केलं होतं बघ, तेच! काकू डोळे मिटून पडली होती. पाठीमागे हात नेऊन एक वाळकी डहाळी पाठीवर फिरवायचा प्रयत्न करत होती, हात पोचत नव्हता. तशीच ती म्हणाली, "पत्राला मायना काय घातलास?" मी सांगितलं. "बरोबर." पुढचा प्रश्न वाचला. तिनं उत्तर सांगितलं. जसंच्या तसं, पाठ. मी म्हटलं, "वॉव काकू, तुला तर सगळं येतंय!"

मी हे बोलले. असं, या शब्दांत. तिला म्हटलं की तुला तर सगळं येतंय.

ती डहाळी टाकून देत म्हणाली, "सायले, बास आता. डोकं दुखतंय."

मी जीभ चावली आणि आत जाऊन जेवायला बसले. आईनं मटकीची उसळ केली होती. लसूण, मोहरी, कढीपत्ता, झणझणीत फोडणी घालून. "पेपर आहेत, तोंडाला चव पाहिजे पोरीच्या," आई म्हणाली. "आणि ते फोडणीचं वगैरे सगळं मनाचं असतं. सायन्समध्ये त्याला काही आधार नाही." बरोबरच आहे, नाहीये आधार. पण मी आजारी असताना तो आधार कुणी शोधला नव्हता. मिरचीचा ठसका आतल्या खोलीपर्यंत गेला. काकू खोकली. घशात फोड आलेलं माणूस कसं खोकतं ते मला आता ऐकू येतं, तेव्हा मी दुसऱ्यांदा उसळ वाढून घेत होते.

कडुनिंबानं बरं होतं का, मला माहीत नाही. मी गूगल करून करून थकले. कुठे लिहिलंय होतं, कुठे लिहिलंय नाही, कुठे लिहिलंय तेल तर लहान मुलांच्या पोटात मुळीच जाऊ देऊ नका. कांजिण्या आपल्या आपणच जातात म्हणे. मग माझ्या पाठीवरची ती खाज कशी थांबायची? मला वाटतं डहाळी एकटी काही करत नसावी. ती धरून कुणीतरी तासन्‌तास बसावं लागतं. काकूलाही डहाळी होतीच की. ती फिरवायला कुणी नव्हतं.

मी पास झाले, इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत लागले, वाकडला पीजीत राहते. काकूच्या कपाळावर आणि गालावर बारीक खड्डे राहिले. तिला कुणी खाजवू नको म्हणून बसलं नव्हतं ना. पुढच्या वर्षी नर्सिंगच्या वयाची अट उलटली. तिनं मला कधी, कद्धीच काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्याऐवजी मी तिला वस्तू नेते. फेसवॉश नेला, तोही कडुनिंबाचा, काय डोकं माझं! तिनं ट्यूब उलटी करून वास घेतला. "ह्यात लिंब कुठाय?" म्हणाली आणि बाथरूमच्या फळीवर ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

आता या वर्षीचं. हे लिहायला जास्त जड जातंय, कारण हे जुनं नाही.

जानेवारीत ओवीचा फोन आला. कुजबुजत म्हणाली, "सायलीदीदी, मम्मीची परीक्षा आहे. बारावीची. तिनं गुपचूप फॉर्म भरलाय. कुणाला सांगू नको म्हटलीये, पप्पांनापण नाही."

मला इतका आनंद झाला की मी पीजीच्या गादीवर उड्या मारल्या. शप्पथ. आणि ओवीचा फोन ठेवून मिनिटभरात मी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं: काकू बारावी देतेय!!! पुढे फुगे, केक, नाचणारी बाई, जे हाताला लागेल ते. कुणाला सांगू नको हे मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, आणि तरी. मला वाटलं ही बातमी आहे. आनंदाची. माझ्या छातीवरचा दगडच उतरला होता जणू, मग तो दाखवायला नको?

ग्रुपवर पाऊस. अंगठे, टाळ्या, हार. सोलापूरच्या आत्याचा व्हॉइस मेसेज, "या वयात कशाला गं बाई हौस!" काका मार्केट यार्डात हमालांसोबत चहा पीत असताना ते मोठ्यानं वाचलं गेलं, तर तिथे सगळे म्हणाले, "मालक, वहिनी बारावीला म्हनं! दप्तर तुमीच पोचवनार का टेम्पोतनं?" काका घरी येऊन तेच हसत हसत सांगायला लागले.

दुपारी काकूचा फोन. "सायले, ते पुसता येतंय का?"

"काकू, आता सगळ्यांनी बघितलं गं... पण सगळे खूश आहेत, बघ ना!"

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला.

त्या शनिवारी मी बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत गेले आणि गाइडं, प्रश्नसंच, चांगली पेनं, जे दिसेल ते घेतलं. स्कूटीवर पिशवी पायात धरून मांजरी गाठली. काकू मागच्या अंगणात पाला सावलीत वाळत घालत होती, नवा गहू यायच्या आधी कोठीसाठी. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि सुरू झाले. तुला टाइमटेबल करून देते, मी रजा टाकते, सेंटरला मी सोडते, मी बाहेर थांबते...

तिनं पिशवीत बघितलंसुद्धा नाही. "मी बसनार नाय परीक्षेला."

"काय? का?"

"नापास झाले तर? आता सोलापूरला बी कळंल, यार्डात बी कळंल. आदी फक्त मला कळलं असतं."

"पण तू पास होशील काकू! आणि मला किती बरं वाटेल माहितीये? इतकी वर्षं मला..."

काकूनं हातातला पाला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, ते बरं झालं असतं.

"तुला बरं वाटावं म्हनून मी बारावी द्यायची व्हय?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागले.

"त्या वर्षी परीक्षा माझी राहिली, सायले. माझी. तू सात-आठ वर्सं ती उरावर घेऊन फिरतीस, मला दिसतंय. येतीस ती तोंड पाडून, काय काय आनतीस. मला कवा वाईट वाटायचं ते बी तुझ्याम्होरं वाटून घेता येईना. लगीच तुझं डोळं भरत्यात, मग मीच तुला चहा करते."

हे खरं होतं. एकूण एक खरं. तिचा तो चहा मी किती वेळा प्यायलेय!

"ह्या येळंला म्हटलं, गुपचूप बसावं. जमलं तर जमलं. आपलं आपल्याला. तर तू फुगं सोडलंस."

मी सॉरी म्हणणार होते. तोंडाशी आला होता शब्द. पण डोळे भरायला लागले होते आणि मला कळलं की आता मी रडले तर ती उठून गॅस पेटवेल. म्हणून मी उठले. स्कूटी काढली. पिशवी तिथेच राहिली की नेली तेही आठवत नाही. मगरपट्ट्याच्या सिग्नलला हेल्मेटची काच खाली करून रडले, तिथे काय कुणी चहा करत नाही.

त्यानंतर मी काहीच केलं नाही. वाचायला सोपं वाटतं, पण मला विचारा! ग्रुपवर लिहिलं, प्लीज काकूला कुणी काही विचारू नका. पाठवायच्या आधी पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. ओवीला फोन करून विचारावं, मम्मी पुस्तक हातात घेते का? नाही विचारलं. रजा टाकली नाही. ऑफिसच्या कडुनिंबाची पानं गळत होती, गाडीच्या सीटवरून रोज झटकत होते, आणि रोज वाटायचं, तिकडे ती बसतेय की नाही? माझ्यामुळे दुसऱ्यांदा राहतंय का? एकदा नकळत, आणि एकदा फुगे लावून?

इंग्लिशच्या पेपरच्या दिवशी मीटिंगमध्ये मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, देव जाणे. दुपारी आईचा फोन आला, कशासाठी तरी वेगळ्याच. बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "काकू गेलीये बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला काही सांगितलं नाही तिनं. सकाळी तिच्या चपला नव्हत्या जागेवर. आणि पोळ्या करून ठेवल्या होत्या सगळ्यांच्या." मग म्हणाली, "मी तिला विचारायला हवं होतं का गं? डबा वगैरे?"

मी म्हटलं, "नको आई. राहू दे."

आई म्हणाली, "हं." फोन ठेवायला आमच्या दोघींचाही हात होईना.

पाडव्याला घरी गेले. दारात गुढी, गुढीला गाठी आणि कडुनिंबाची डहाळी. तांब्यावर ऊन चमकत होतं. काकू पाटा-वरवंट्यावर कोवळी पानं आणि फुलं वाटत होती. गूळ, ओवा, भिजवलेली डाळ, चिंच, हिंग, मीठ. तिनं सगळ्यांच्या तळहातावर एकेक गोळी ठेवली. काकांनी नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. मी गोळी तोंडात टाकली, आधी गूळ लागला, मग चिंच, मग ते कडू, जिभेच्या मागे जाऊन बसणारं. मी काकूला काहीही विचारलं नाही. पुरणपोळी झाली, भांडी झाली, तरी नाही. ओठ आवळून बसले होते, मुलाखतीला आल्यासारखी.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती मागच्या पायरीवर येऊन बसली. मी तिथेच होते.

"इतकी गप का गं तू? दात दुखतोय काय?"

"नाही."

"इचार की."

"नाही विचारणार."

ती हसली. गालावरचे खड्डे हसताना जास्त दिसतात. ते माझेच आहेत असं मला वाटायचं, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की नाही, तिचेच आहेत, आणि त्यानं काही हलकं झालं नाही. नर्सिंगची अट काही परत मागे येणार नाही. तो ताप, तो ठसका, मी तिथे नव्हते हे, यातलं काहीच पुसता येत नाही. पण ते तिच्या मांडीवर नेऊन ठेवायचं नाही, एवढं बहुतेक आता मला कळलंय. बहुतेक.

मी म्हटलं, "काकू, मला हे लिहायचंय. आपलं. त्या वर्षीचं. लिहू का? नको म्हणालीस तर नाही लिहिणार, खरंच."

ती मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. आधी विचारलं म्हणून असेल.

"लिही. तुला कुठं गप बसवतंय! पन माझं नाव घालायचं नाय."

"नाही घालत."

"आनि पेपर कसं गेलं ते लिहायचं नाय. निकाल लागू दे, न लागू दे. त्ये माझं हाय."

"बरं."

मग ती पायरीवर जरा सरकून बसली, पदरानं मान पुसली आणि मला सांगितलं. इंग्लिशपासून सुरुवात करून, एकेक पेपर, एकेक प्रश्न. कुठे हात थांबला, कुठे पुरवणी मागितली, शेजारच्या बाकावरची पोर काय म्हणाली. मी मध्ये एकदाही बोलले नाही.

मला सगळं माहीत आहे. सांगणार नाही.